उचकीचा उपाय

"आजोबा, एकच घास. पण ठेचा भरपूर घ्या," लियोरा म्हणाली.

ठेचा खाल्ला की इझिकेल आजोबांना हमखास उचकी लागते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या नातीला त्याचा असा उपयोग होईल, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. उद्या कॉलेजात तिचं आणि तिची वर्गमैत्रीण कादंबरी हिचं प्रेझेंटेशन होतं : 'उचकी, गैरसमज आणि विज्ञान'. नेटवरची चित्रं चिकटवलेली मॅडमना चालत नसत. खऱ्या माणसाची खरी उचकी उपायाने थांबलेली व्हिडिओत दिसायला हवी, नाहीतर मार्कांच्या नावाने पूज्य.

घास पोटात गेला आणि आजोबा उचकले. "हिक्!" कादंबरीने मोबाइल रोखला.

"आधी गैरसमज," लियोरा म्हणाली. "कोण आठवण काढतंय त्याचं नाव घ्या. थांबणार नाहीच, तेच दाखवायचंय."

आजोबांनी मन लावून नावं घेतली. इस्रायलला गेलेले ताली आणि यायर झाले. जुन्या ऑफिसातला परेश झाला. बेलपाड्याचा कमलाकर झाला, "पण तो कसली, हिक्, आठवण काढतोय! माझी छत्री दाबून बसलाय." पनवेल स्टँडवरच्या ओळखीच्या रिक्षावाल्यापर्यंत येऊन झालं. उचकी काही हटली नाही. लियोरा खूश.

मग विज्ञान. श्वास रोखून झाला, गार पाणी झालं, जिभेवर साखर झाली. श्वासपटलाच्या नसेला शांत करणारे हे उपाय स्लाइडवर ठळक अक्षरांत होते. आजोबा साखर चघळत उचकतच राहिले.

"आता सगळेच गैरसमज झाले की गं," कादंबरी कुरकुरली.

लियोराचा चेहरा पडला. आता कशाने का होईना, थांबली म्हणजे झालं. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, एक नाव राहिलंय. रोनेनकाका, आजोबांचा धाकटा मुलगा, तोही इस्रायललाच. यंदा नव्याच्या सणाला, म्हणजे ज्यूंच्या नववर्षालासुद्धा त्याचा फोन आला नव्हता.

"आजोबा, रोनेनकाकाचं नाव राहिलं."

"माहीत आहे."

"मग घ्या ना. थांबेल कदाचित."

"म्हणून तर घेत नाही." आजोबा खुर्चीत आरामात रेलले. "फोन नाही, हिक्, तर नाही. आठवण काढतोय ना? काढू दे की निवांत."

आणखी एक उचकी आली. एवढे खुशीत आजोबा सणाच्या दिवशीही नव्हते.

"हे गैरसमजांत टाकायचं का?" कादंबरीने दबक्या आवाजात विचारलं.

लियोराला भरून आलं होतं. तिने ठेच्याची वाटी आजोबांपुढे सरकवली.