ओकच्या रानातली वाट

रविवारी सकाळी आठला क्लोतिल्द बर्गंडीच्या ओकच्या रानात धावायला निघाली. रानडुकरांच्या शिकारीचा हंगाम त्याच दिवशी सुरू होत होता आणि गावच्या शिकारी मंडळाचे प्रमुख तिचेच बाबा होते.

"बाबांची माणसं रानात आहेत गं," आई, ओदिल, म्हणाली.

"असू देत. वाटेवर धोक्याचा फलक दिसला की फिरेन मागं. फलक लावल्याशिवाय बाबा बंदूक भरू देत नाहीत, ऐकून ऐकून गावाचे कान किटलेत."

ओदिल बटाटे आणायला गॅरेजात गेली. हंगामासाठी नव्यानं रंगवलेले सगळे फलक तिथं भिंतीला टेकून वाळत होते. लेक फोन उचलेना. नवऱ्याचा तर बंदच; शिकारीत फोन बंद ठेवायचा, हा नियमही त्याचाच.

रानातून आतापर्यंत दोन बार ऐकू आलेत.