वारस हजर नाही

"वॉल्टर गॅरडचं डुक्कर जहागीरदाराच्या वाटाण्यात शिरलं," मेव्हिसने वाचलं. "म्हणून वॉल्टरला दंड. झालं. पुढे?"

"डुक्कर कुठल्या रंगाचं होतं?" डेनिसने पेन्सिल सरसावून विचारलं.

"त्यांना डुकराचं लग्न जमवायचं नव्हतं, डेनिस. दंड करायचा होता."

शेजारच्या टेबलावरच्या माणसाने मान वर करून पाहिलं. जिल्ह्याच्या दफ्तरखान्यात कुजबुजायलाच तेवढी परवानगी होती, आणि ही दोघं बहीणभावंडं सकाळपासून कुजबुजत भांडत होती.

डेनिस गॅरडने इंग्लंडमधल्या सफोक परगण्याच्या खेड्यापाड्यांतून जन्मभर बस चालवली. निवृत्त झाला तो पूर्वजांच्या मागे लागला. जुनी दफ्तरं लॅटिनमध्ये, आणि लॅटिन त्याला ओ की ठो येत नव्हतं. थोरल्या मेव्हिसने मात्र शाळेत पोरांना तेच शिकवलं होतं. त्यामुळे दर गुरुवारी तो तिच्या दारात गाडी उभी करून हॉर्न वाजवायचा, आणि ती भिंग पर्समध्ये टाकून कपाळाला आठ्या घालत बाहेर यायची.

त्याने टेबलावर वंशावळ पसरली होती. चर्चच्या नोंदींवरून गॅरडांचा माग सोळाव्या शतकापर्यंत नीट लागत होता. त्याच्यामागे सगळा अंधार. त्या अंधारात विदरहॅम गावच्या जहागिरीच्या दफ्तरात तेवढा एक वॉल्टर गॅरड सापडला होता. डेनिसने त्याला लगेच कागदाच्या अगदी वरच्या चौकटीत बसवलं, तेही शाईने. मधली दोनशे वर्षं त्याने टिंबांनी भरून काढली होती.

"ही टिंबं कोण?" मेव्हिसने मागेच विचारलं होतं.

"सापडतील."

चर्मपत्राच्या गुंडाळीची एक कड उंदरांनी खाल्ली होती. उरलेल्यातलं निम्मं ओल लागून गेलेलं. लिहिणारा कारकून अर्धे शब्द तोडून टाकणारा. मेव्हिसचे डोळे चुरचुरत होते. वॉल्टर आजारी म्हणून जहागिरीच्या कचेरीत आला नाही. वॉल्टरने शेजाऱ्याच्या कुंपणाची लाकडं नेली.

"सातशे वर्षांत घराणं काही सुधारलं नाही," ती म्हणाली. "बाबांनीही शेजारच्या पार्करकाकांचं फाटक जाळलं होतं."

डेनिस खूश होऊन लिहून घेत होता.

तिने गुंडाळी पुढे उलगडली. इथून अक्षर बदललं. आधीचा कारकून गेला असावा. साल १३४९, प्लेगच्या महामारीचं. एकाखाली एक नुसती नावं, आणि प्रत्येकापुढे 'मयत'. मेव्हिस वाचायची थांबली.

"काय गं?"

"वॉल्टर गेला."

"जाणारच की. वारस कोण लागला ते बघ. माझी टिंबं तिथूनच सुरू होतात."

तिने भिंग खाली धरलं. वॉल्टरचं घर आणि जमीन, वारसाने येऊन ताबा घ्यावा असा पुकारा झाला. कोणी आलं नाही. कचेरीच्या पुढच्या बैठकीला पुन्हा पुकारा. कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्या बैठकीलाही तेच. मग जमीन जहागीरदाराकडे जमा.

"परत वाच," डेनिस म्हणाला.

"दोनदा वाचलं मी."

"मुलगा नसेल. एखादा पुतण्या तरी असेलच."

"वारस म्हटलंय इथे. मुलगा, मुलगी, भाऊ, पुतण्या, सगळे त्यातच आले. कोणी उरलं नव्हतं, डेनिस."

"कुठे लांब गेला असेल. निरोप पोचला नसेल."

"गाव रिकामं झालं होतं. निरोप घेऊन जायचं कोणी?"

डेनिसने रबर घेतलं आणि वरची चौकट खोडायला लागला. शाई हलेना. कागदाचा भुगा मात्र निघायला लागला.

"मग आपण कोणाचे?"

"असू कोणाचे तरी. झाडाला तर लागलो नव्हतो. आणि शाईने लिहायला कोणी सांगितलं होतं तुला?"

तो खोडतच राहिला. मेव्हिसच्या डोक्यात तिडीक गेली.

"एवढं करतोयस ते कोणासाठी रे? आपल्यामागे हा कागद उघडणार कोण? तुला मूल ना बाळ. मला नवरासुद्धा नाही."

हे ती कुजबुजली नाही. खोलीतली सगळी डोकी वर झाली. मेव्हिसला स्वतःचाच राग आला, पण शब्द तोंडातून निघून गेला होता.

डेनिसने रबर खाली ठेवलं. "म्हणून तर मागे बघतोय," तो म्हणाला. "पुढे काय बघू?"

तो वंशावळ गुंडाळायला लागला. घडी नीट पडेना, म्हणून मेव्हिसने दुसरं टोक धरलं.

तेवढ्यात खोलीवर देखरेख करणाऱ्या बाई आल्या. त्या नवीन होत्या, या दोघांना ओळखत नव्हत्या.

"बंद करायची वेळ झाली. ही गुंडाळी आत पाठवू, की पुढच्या आठवड्यासाठी बाजूला काढून ठेवू?"

"पाठवा आत," डेनिस म्हणाला. "आमचं काम संपलं."

मेव्हिस कोटाची बाही चढवत होती. बाहीत हात अडकला होता आणि ती वैतागली होती.

"याचं ऐकू नका. बाजूला ठेवा."

बाईंनी पेन्सिल घेतली. "कोणाच्या नावाने?"

"गॅरड," मेव्हिस म्हणाली. "आम्ही येणार आहोत."