श्रावणी सोमवारची शिवीगाळ

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात रत्नप्रभाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "साहेब, दुसरा श्रावणी सोमवार होता. सकाळी दहा वाजता सामाईक नळावर या कुमुदिनीनं मला अर्धा तास शिव्या घातल्या. जिवे मारीन म्हणाली!"

आरोपी म्हणून उभी असलेली शेजारीण नुसती बघत राहिली. शिवी तर सोडाच, नळाखाली आधी कुणाची बादली, एवढाच त्यांचा जुना वाद होता.

तिचे वकील सावकाश उठले. "बरं, मग तुम्ही उलट काय बोललात?"

"मी?" रत्नप्रभाबाई दुखावल्याच. "एक अक्षर नाही! श्रावणी सोमवारी दिवस मावळेपर्यंत माझं कडक मौन असतं."

"हे आम्ही कुणाला विचारायचं?"

"हिलाच विचारा की! आम्ही दोघींनी मिळून तर धरलंय ते. सात वर्षं झाली, दोघींपैकी एकीचंही कधी मोडलेलं नाही!"

टायपिस्टची बोटं थांबली. न्यायाधीशांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे त्या सकाळी यांचंही मौन होतं. बाई, शपथेवर खोटी साक्ष दिली तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुमच्यावर खटला का भरू नये, सांगा."

रत्नप्रभाबाईंनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आवाज काही फुटेना.

शेवटी कुमुदिनीलाच राहवलं नाही.

"अगं, बोल की आता," ती कळवळून म्हणाली, "आज शुक्रवार आहे!"