करवंटीतलं मीठ

सासूबाई रोज पहिल्या घासाला म्हणायच्या, "अळणी! तुझ्या हाताक चवच नाय गो." याच हातची आमटी पूर्वी त्या बोटं चाटून खायच्या, हे सगळे विसरले. बासष्ट सालचा म्हाळ होता. पितरांचं पान वाढेपर्यंत रांधलेलं चाखायचं नसतं, म्हणून काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यात मी अंदाजानेच मीठ घातलं. सासूबाईंनी मला बाजूला सारून करवंटीतलं सगळं मीठ आत ओतलं. श्राद्धाच्या जेवणाला नावं ठेवत नाहीत, म्हणून पुरुषांची पंगत मुकाट पाणी पीत राहिली, पण डोळे वटारले माझ्यावरच. मग बायका बसल्या. सासूबाई भुरका मारून म्हणाल्या, "आज खरी चव इली!" जाऊबाईंचा घास तोंडातच राहिला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रिकामी करवंटी त्यांच्या पानाशेजारी आपटून मी म्हटलं, "आये, चव माझ्या हाताची नाय, तुमच्या जिभेची गेली."