दप्तराच्या तळाशी

रेवतीच्या डायरीत ‘गृहपाठ नाही’ असे एकोणीस लाल शेरे होते. विसावा ऐकवायलाच नव्या कोकाटेबाईंनी शाळेत बोलावलं असणार, म्हणून मी ती डायरी त्यांच्या टेबलावर आपटली. “शाळेतून काढायचीय ना माझी पोर? काढा एकदाची!”

बाईंनी रेवतीला दप्तर उलटं करायला सांगितलं. एक मोजा पडला, अर्धी चपाती पडली, मग चुरगळलेल्या कागदांचा ढीग पडला. बाईंनी एकेक कागद हातानं सपाट केला. भागाकार, निबंध, सगळा गृहपाठ पुरा होता.

“करते ती, पण द्यायचा विसरते,” बाई म्हणाल्या. “लक्ष टिकत नाही तिचं, डॉक्टरांना दाखवा. पण खोटारडी नाही हो ती. उद्यापासून वर्गाच्या दारात मीच हात पुढे करून मागेन.”

आधीच्या बाईंनी नुसती लाल शाई संपवली. आणि मी? कारखान्यातून दमून यायचे आणि ती “केलाय गं आई” म्हणाली की थोबाडीत द्यायचे.

मी बाईंचा हात धरला आणि घट्ट दाबून ठेवला. रेवतीनं मला कोपरानं ढोसलं. “आई, थँक्यू म्हण ना. आता तूच विसरलीस!”