खऱ्या हाताची शीर

"शंभरपैकी शंभर. उत्तम," रबरी हात म्हणाला.

मोठ्या सिस्टर दारातच थांबल्या. नर्सिंगच्या मुलींच्या सरावासाठी ठेवलेल्या त्या खोलीत एकच मुलगी होती. टेबलाला स्क्रूनं बसवलेल्या हातात तिची सुई, शेजारच्या स्क्रीनवर हिरवा आकडा आणि पायाशी भरलेली बॅग. वर्गात तिला सगळ्या 'शंभर नंबरी' म्हणत. कौतुकानं, आणि थोडं जळूनही.

तासाभरापूर्वी हीच मुलगी वॉर्डातून पळाली होती. अकरा नंबरच्या खाटेवरच्या आजोबांचं रक्त काढायचं होतं. जिवंत माणसाला सुई लावायची तिची ही पहिलीच वेळ. तिनं पट्टा बांधला, सुई जवळ नेली, आणि ती लागायच्या आधीच आजोबा "आई गं" म्हणाले. मुलीनं पट्टा सोडला, ट्रे खाली ठेवला आणि तडक बाहेर पडली.

"निघालीस?" सिस्टरांनी विचारलं.

"हो मॅडम. मला नाही जमणार." मुलीनं रबरी हातातून सुई काढली. "हा कधी ओरडत नाही."

"म्हणूनच तर आणला."

ते खरंच होतं. हा हात यावा म्हणून मोठ्या सिस्टरांनीच दोन वर्षं वरच्यांचं डोकं खाल्लं होतं. त्यांच्या काळी मुली थेट पेशंटवर शिकायच्या, आणि एकेका बिचाऱ्याच्या दंडाची पार चाळण व्हायची. या रबरी हातानं किती खरे हात वाचवले होते, ते त्यांना ठाऊक होतं.

"आणि पुढच्या वर्षी ते नवं यंत्र येतंय ना," मुलगी म्हणाली. "उजेड पाडून शीर शोधणारं. सुईसुद्धा तेच टोचणार म्हणे. मग मॅडम, आम्ही कशाला?"

 सिस्टर समोरची खुर्ची ओढून बसल्या, डावी बाही वर केली आणि हात टेबलावर ठेवला.

"बॅग राहू दे. आधी हे कर."

"तुमच्यावर?"

"माझ्या शिरा लपून बसतात. आधीच सांगून ठेवते."

मुलीनं पट्टा बांधला. ओठ घट्ट मिटून ती दोन मिनिटं नुसती शीर चाचपत राहिली. मग सुई आत गेली, पण रक्त आलं नाही. बघता बघता कातडीखाली निळी गाठ उमटली. मुलीचे डोळे भरून आले.

"सॉरी मॅडम, सॉरी..."

"पट्टा सोड. सुई काढ. आता कापूस दाब. असा. मेले का मी?" थोड्या वेळानं सिस्टरांनी उजवा हात पुढे केला. "तू फार गप्प असतेस. गप्प नर्स दिसली की माणूस अर्धा तिथंच घाबरतो. बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"घरी कोण कोण असतं?"

"आई, धाकटी बहीण, बाबा. बाबांचं सलून आहे." तिनं नवी सुई घेतली.

"दाढी करताना गप्प असतात का ते?"

मुलगी पहिल्यांदाच हसली. "छे! तोंडाला कुलूप म्हणून नाही. गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा, आणि बाबा विचारतायत, गुडघा काय म्हणतो, मुलगी नांदते ना नीट. आई म्हणते, अहो, हाताकडे लक्ष द्या. तर म्हणतात, हाताला त्याचं काम कळतं, मला माणसाकडे बघावं लागतं. त्याचा गळा ताठला की मी आधी..."

ती थांबली. नळीत गडद लाल रक्त चढत होतं. सुई कधी लावली, तिचं तिलाच कळलं नव्हतं.

स्क्रीनवर नवा आकडा उमटला नाही.  सिस्टरांनी कापूस दाबून धरला आणि मानेनंच वॉर्डाकडे खूण केली.

अकरा नंबरच्या आजोबांनी ट्रे पाहिला. "परत तूच?"

"हो आजोबा. मघाशी मी घाबरून पळाले."

"मीही पळालो असतो. पाय साथ देत नाहीत म्हणून राहिलो."

मुलीनं स्टूल ओढलं आणि पट्टा बांधला. "काम काय करायचात तुम्ही?"

"लिफ्टमन होतो. एकाच कचेरीत चौतीस वर्षं."

"मूठ आवळा. म्हणजे बटणं दाबायची?"

"बटणं काय, लोकांनाही दाबता येत होती की."

"मग तुम्ही कशाला?" तिच्या तोंडून निघून गेलं.

आजोबा छताकडे बघत विचारात पडले. दारात उभ्या असलेल्या मोठ्या सिस्टरांना मुलीची बोटं दिसत होती. त्यांनी शीर चाचपली आणि सुई आत सरकवली. आजोबांच्या कपाळाला आठी पडली आणि गेली. नळी भरली, पट्टा सुटला, सुई निघाली. मुलीनं कापूस अंगठ्यानं दाबून धरला. बारा नंबरची खाट वाट बघत होती. मुलगी उठली नाही.

"सहाव्या मजल्यावर एक बाई होत्या," आजोबा सांगू लागले. "साहेबांची बोलणी खाऊन रडत खाली यायच्या. तळमजला आला, तरी त्यांचे डोळे पुसून होईपर्यंत मी जाळीचं दार उघडायचो नाही."