घरी दाखवायला

रुद्राणीनं चपला पायरीखाली काढल्या आणि गिऱ्हाइकासारखी ऐटीत गादीवर येऊन बसली. पोर दहा वर्षांची, पण खांद्यावर आईची ओढणी होती आणि काखेत आईचीच पर्स.

तिचा बाप सोमेश्वर नुकताच कपाळाला विभूती लावून, उदबत्ती ओवाळून बसला होता. अंबाजोगाईच्या बाजारात त्याचं साड्यांचं दुकान आजोबांपासूनचं. पोरांनी दुकानात यायचं नाही, हा त्याचा दंडक. तो तिला हुसकावणारच होता, पण अजून भवानी व्हायची होती. दिवसाची पहिली विक्री होईपर्यंत आवाज चढवायचा नाही आणि दारात आलेल्याला 'जा' म्हणायचं नाही, हा नियमही आजोबांपासूनचाच. रुद्राणीला तो पक्का ठाऊक होता. म्हणून तर ती रविवार गाठून, शटर वर जाताच आली होती.

सोमेश्वरची गंमत अशी, की दुकानात त्याच्या तोंडातून साखर सांडायची. पन्नास घड्या मोडून एखादी बाई रिकाम्या हातानं उठली, तरी हा हात जोडून म्हणायचा, पुन्हा या मावशी, दुकान तुमचंच आहे. घरी मात्र भाजीत मीठ कमी पडलं, तर ते गल्लीच्या टोकापर्यंत कळायचं. साखर बहुधा दुकानातच संपत असावी.

रुद्राणीनं पर्समधून शाळेची वही काढली आणि पुढं सरकवली. वर्गाच्या तेजश्री मॅडमनी पानभर लिहिलं होतं. रुद्राणी मैत्रिणींवर खेकसते. गॅदरिंगच्या नाचातली तिची जोडीदारीण शिवांजली शुक्रवारी रडत घरी गेली, आता ती हिच्याबरोबर नाचायला तयार नाही. वडिलांनी सोमवारी येऊन भेटावं, नाहीतर रुद्राणीला नाचातून काढावं लागेल. आणि खाली रुद्राणीची वाक्यं मॅडमनी जशीच्या तशी उतरवली होती. 'अक्कल गहाण ठेवली का? एकदा सांगितलेलं डोक्यात शिरत न्हाई? तोंड बंद ठेव.'

सोमेश्वरचे कान तापले. वाक्यं ओळखीची होती. परवा टीव्हीचा रिमोट सापडेना, तेव्हा बायकोला, महानंदाला, तो हेच बोलला होता आणि याच क्रमानं. पण ते त्याला अडचणीचं वाटलं, म्हणून त्यानं ते बाजूला सारलं. भवानी गेली खड्ड्यात, असं ठरवून त्यानं ओरडायला तोंड उघडलं.

तेवढ्यात पायरीवर विमलबाई दिसल्या. तीन लेकींची लग्नं त्यांनी याच दुकानातून केली होती. आता सुनेचं डोहाळजेवण होतं. सोमेश्वरनं उघडलेल्या तोंडाचं तसंच हसू केलं.

"या या, मावशी. बसा. उन्हाचं आलात, आधी पाणी घ्या."

मग हिरव्या साड्या निघाल्या. एक विमलबाईंना फार हिरवी वाटली, दुसरी पुरेशी हिरवी वाटेना. तिसरीचा पदर बारका, चौथीचे काठ म्हातारे. प्रत्येक वेळी सोमेश्वर म्हणायचा, बरोबर बोललात, नजर हाय तुमची, आता ही बघा. बाजूला रुद्राणी मांडी घालून बसली होती. तिचे ओठ हलत होते. बापाचं एकेक वाक्य ती पाढ्यासारखं पाठ करत होती.

शेवटी विमलबाईंनी एकीचे पैसे दिले आणि आणखी चार बाजूला काढल्या. या घरी दाखवायला नेते, म्हणाल्या. सुनेला पसंत पडतील त्या ठेवीन, बाकीच्या उद्या परत. खात्रीच्या गिऱ्हाइकाला असा माल द्यायची रीतच होती. सोमेश्वरनं आनंदानं पिशवी भरली.

"अप्पा, मलाबी एक न्यायचंय घरी दाखवायला," रुद्राणी म्हणाली.

"कोणती, बाळा?" विमलबाईंसमोर 'बाळा' म्हणणं भागच होतं.

"साडी न्हाई. तुमाला. आईला दाखवते. पसंत पडलात तर ठेवून घिऊ."

विमलबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलत होते. सोमेश्वरही हसायच्या बेतात होता, पण पोरगी हसत नव्हती.

"शिवांजलीला सॉरी म्हणायला गेलते, अप्पा," ती हळू आवाजात म्हणाली. "तितंबी तसलंच तोंडात आलं. मला गोड बोलायचंय. पण आपल्या घरी कुणी बोलतच न्हाई, मग मला यावं कुठून?"

सोमेश्वरला लाज वाटली. गिऱ्हाइकासमोर वाटते तसली नव्हे. उद्या शाळेत येतो, एवढंच त्याला कसंबसं म्हणता आलं. विमलबाईंनी गादीवर पाय लांब केले. दुकान मी बघते घटकाभर, तुमी लेकीचा माल पोचवून या, म्हणाल्या.

घर मागच्याच गल्लीत. दार लोटलेलं होतं. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. उंबऱ्याशी सोमेश्वरचे पाय अडखळले. या दारात गोड कसं बोलायचं, याची त्याला सवयच नव्हती. रुद्राणीनं त्याला कोपरानं ढोसलं. त्यानं घसा खाकरला.

"येऊ का आत? तुमचं काम चालू असंल तर थांबतो. घाई न्हाई."

भाकरीचा आवाज थांबला. महानंदानं आतूनच हाक दिली.

"रुद्राणे, कोण पाव्हणं आलंय बघ गं. बसायला टाक त्यास्नी, आन् अप्पा दुकानात हायेत म्हणून सांग."